सात नंबरचं कपाट

“अकराशे एकोणचाळीस.”

“हजर.”

शिडीवरच्या दादाने पुस्तक बोटाने दाबून पुन्हा रांगेत बसवलं आणि कपाळाचा घाम बाहीला पुसला. खाली लांब टेबलाशी बसलेल्या ताईने दाखलवहीत हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पेन्सिल बाबांची होती. पेरभरच उरली होती, आणि ती धरायला बोटं आखडून घ्यावी लागत होती.

हजेरीची ही रीत आजोबांची. ते शाळेत शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणे आणि घरही मास्तरच म्हणे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्यांनी हे वाचनालय काढलं, तेव्हा वर्षातून एकदा पुस्तकांची पडताळणी कशी करायची याची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. एकाने वहीतून क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने कपाटाशी पुस्तकावर हात ठेवून ‘हजर’ म्हणायचं. हात ठेवल्याशिवाय म्हणायचं नाही. वाचकाने नेलेलं असेल तर ‘बाहेर’. सापडलंच नाही तर ‘गैरहजर’, आणि मास्तरांच्या काळी तो शब्द उच्चारायला माणसं खाली बघत.

“अकराशे चाळीस,” ताई म्हणाली.

उत्तर आलं नाही.

“दादा?”

“अकराशे चाळीसपासून सातमध्ये,” दादा शिडीवरून म्हणाला. “आणि सातला कुलूप.”

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. बाकी कपाटांच्या काचांतून पुस्तकं दिसत. सातच्या काचांना आतून तपकिरी कागद लावलेला होता आणि वर बाबांच्या उभट अक्षरात चिठ्ठी होती : ‘देवघेवीसाठी नाही’. सातची पडताळणी बाबा शेवटच्या दिवशी एकटेच करत.

“थोरल्याची तिजोरी ती,” आत्या म्हणाली. खिडकीशी बसून ती पुस्तकांवरची धूळ फडक्याने टिपत होती. थोरला म्हणजे बाबा, पण आत्या त्यांच्याहूनही चार वर्षांनी मोठी. सत्तरी ओलांडली तरी जिभेला गंज चढला नव्हता. “एकदा मी नुसता कागदाचा कोपरा उचकटला, तर माझ्याकडे असं बघितलं त्याने, जसं काही मी त्याचा सदरा उचलला.”

“सातचं काही बघायचं नाही.” टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून वकीलकाका बोलले. त्यांच्यापुढे ‘वाचनालयाची पंचाहत्तर वर्षं’ या त्यांनीच लिहिलेल्या इतिहासाची छापून आलेली कच्ची पानं पसरली होती, आणि तासाभरात त्यांनी एकही पान उलटलं नव्हतं. “दरवर्षीच्या खुणा आहेत ना वहीत? यंदाच्या रकान्यात तशाच कर आणि सही करून टाक. चारला नगरपालिकेच्या बाई ताबा घ्यायला येतील.”

“सहीच्या वर काय छापलंय ते वाचलंत का काका? ‘प्रत्यक्ष पाहून नोंद केली आहे.’”

“छापील मजकूर असतो तो. मी आयुष्यभर छापील मजकुराखाली सह्या घेतल्यात.”

“म्हणूनच माणसं तुमच्याकडे यायला घाबरतात,” दादा शिडी उतरत म्हणाला. 

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. चौथ्या दिवशी नगरपालिकेत एक निनावी अर्ज गेला : मास्तरांनी जमवलेली जुनी मोलाची पुस्तकं त्यांच्या थोरल्या मुलाने परगावी विकली आणि त्या जागी रद्दीतली भरली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात गठ्ठे घेऊन हिंडताना त्यांना लोकांनी पाहिलेलं आहे. “जिवंत होता तोवर यांच्या दौतीत शाई नव्हती,” एवढंच आत्या तेव्हा म्हणाली होती. आता वाचनालय नगरपालिकेच्या ताब्यात जाणार होतं. दरवर्षी वही घेऊन बाबांच्या शेजारी बसणारी म्हणून विश्वस्तांनी ताईलाच सही करायला सांगितलं होतं. आज वहीत जे लिहिलं जाईल, तेच बाबांच्या नावापुढे कायमचं राहणार होतं.

“अर्जात नेमकं सातबद्दलच लिहिलंय,” ताई म्हणाली. “मी ते उघडल्याशिवाय सही करणार नाही.”

“किल्ली कुठेय?” दादाने विचारलं. “नाहीतर मी पक्कड आणतो. अर्धा मिनिट लागेल.”

“कुलपाला हात लावू नकोस,” काका म्हणाले. आवाज असा चढला की त्यांचा त्यांनाच ऐकू आल्यासारखे ते थांबले. “म्हणजे, मास्तरांच्या वेळचं आहे ते.”

*

किल्ली आईच्या चष्म्याच्या डबीत होती.

वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे बसून ती एका जुन्या पुस्तकाची सुटलेली पानं शिवत होती. सुई वर घेतली की ती दोरा दातांनी तोडत असे आणि बाबा दरवेळी म्हणत, अगं कात्री आहे. तेवीस दिवसांत कुणी तसं म्हटलं नव्हतं.

पक्कड ऐकल्यावर तिने सुई कापडात खोवली.

लग्न होऊन आठ महिने झाले होते तेव्हा. पूर येऊन गेलेला. नदीचा चिखल भिंतींवरून अजून खरवडून काढत होते. तरी मास्तरांनी त्या वर्षीची पडताळणी चुकवली नाही. ते याच टेबलाशी बसून क्रमांक पुकारत होते आणि कोपऱ्यातून तिचा नवरा ‘हजर’ म्हणत होता. ती चहाचे कप घेऊन आली. दुसरा कप द्यायला कपाटाकडे वळली. दाराची एक फळी अर्धी उघडी होती. आत एकही पुस्तक नव्हतं. रिकाम्या, पाण्याने फुगलेल्या फळ्यांसमोर तो उभा होता, फळीवर तळहात टेकून, आणि मास्तर जो क्रमांक म्हणतील त्याला ‘हजर’ म्हणत होता. तिला पाहून त्याने डोळ्यांनी फक्त नको म्हटलं. ती कप घेऊन तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

त्या रात्री त्याने काही सांगितलं नाही, सकाळीही नाही. काही दिवसांनी सांगितलं, आणि वचन घेतलं. धाकट्या भावाला कळता कामा नये. ते तिने शेहेचाळीस वर्षं पाळलं होतं. पण वचन घेताना, आपण गेल्यावर लोक आपल्याला चोर म्हणतील, हे त्याला कुठे माहीत होतं?

“तोडू नको रे,” ती दादाला म्हणाली आणि डबी उघडली.

“वहिनी,” काका म्हणाले. “तुमच्याकडे होती?”

“होती, भाऊजी.” तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. किल्ली तिने मुलाच्या नव्हे, मुलीच्या हातात दिली.

*

कपाट भरलेलं होतं.

दादा मोठ्याने हसला. “हात्तिच्या! सगळी आहेत की! चार फळ्या, फटसुद्धा नाही.” त्याने फळ्यांवरून नजर फिरवली. जमिनी मोजणं हा त्याचा धंदा. त्याला नुसत्या डोळ्यांनी अंदाज येई. “दोनशे बारा तर दोनशे बारा. चला, त्या निनावी अर्जदाराला म्हणावं, ये आता समोर.”

“दोनशे अकरा,” ताई म्हणाली.

तिसऱ्या फळीवर दोन पुस्तकांच्या मधे लाकडाचा एक ठोकळा होता, पुस्तकाएवढाच, घासून गुळगुळीत केलेला. कण्याच्या जागी क्रमांक लिहिला होता : १२८८.

“एक गेलं तर गेलं,” आत्या म्हणाली. “शेहेचाळीस वर्षांत माणसं हरवतात.”

ताईने अकराशे चाळीस काढलं. पान एकतीस उघडलं. सवयीनेच. वाचनालयं आपला शिक्का पहिल्या पानावर मारतात, शेवटच्या पानावर मारतात आणि आणखी एका ठरलेल्या पानावर, जे बाहेर कुणाला सांगत नाहीत. पहिलं आणि शेवटचं पान फाडून कुणी पुस्तक लाटलं, तरी त्या पानावरून ते ओळखता येतं. मास्तरांचं पान एकतीस. हळूहळू ते गावाला इतकं ठाऊक झालं की पुस्तक पळवणारे आधी एकतीसच फाडू लागले. मास्तर वारल्यावर, पुराच्या दोन वर्षांनी, बाबांनी पान बदलून सत्तेचाळीस केलं आणि ते फक्त आईला आणि पुढे ताईला सांगितलं.

पान एकतीस कोरं होतं.

तिने पानं पुढे उलटली. सत्तेचाळीस उघडलं. जांभळा गोल शिक्का तिथे होता.

तिने दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. फळीच्या मधलं एक. खालच्या फळीवरचं शेवटचं.

“काय झालं?” दादाचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

“ही पुस्तकं पुराच्या आधी दाखल झालेली आहेत. वहीत तारखा आहेत, मास्तरांचं अक्षर आहे. शिक्का एकतीसवर हवा. सगळ्यांवर सत्तेचाळीसवर आहे.” तिने हातातल्या पुस्तकाचं पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. “आणि हे बघ. वहीत दाखल झाल्यानंतर तीन वर्षांनी छापलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही ती पुस्तकं नाहीत.”

खोलीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. वकीलकाका उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हणजे अर्ज खरा आहे,” ते म्हणाले.

“काका!”

“मी म्हणत नाही. त्या बाई म्हणतील. मूळची पुस्तकं नाहीत, त्या जागी दुसरी भरली आहेत, वर जुनेच दाखल क्रमांक. यालाच बदलणं म्हणतात. म्हणून सांगत होतो, उघडू नका. अजून वेळ आहे, लाव ते कुलूप आणि सही कर.”

एवढा वेळ सगळं थट्टेवारी नेणारा दादा आता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “आमच्या बाबांनी पुस्तकं विकली, असं तुम्हाला म्हणायचंय? तुमच्या सख्ख्या भावाने?”

“मला म्हणायचं नाही म्हणून तर कुलूप लाव म्हणतोय!”

“धाकट्या, आवाज खाली,” आत्या म्हणाली. “हे वाचनालय आहे. तुझं कोर्ट नव्हे. पण ताई, तूसुद्धा ऐक. उद्या हे सांगत बसलीस तर बाहेरच्या दगडाचं काय करशील?”

दारावरचा दगड सगळ्यांना पाठ होता. ‘महापुरात येथील एकही ग्रंथ बुडाला नाही.’ इथून टेकडीवरच्या शाळेपर्यंत गावाने माणसांची रांग लावली होती आणि हातोहात सगळी पुस्तकं वर नेली होती. लांबलांबची माणसं तो दगड वाचायला येत. काकांच्या इतिहासाचं पहिलं वाक्यही तेच होतं.

“ही पुस्तकं मूळची नाहीत म्हटलं, की मूळची कुठे गेली हा प्रश्न आला,” आत्या म्हणाली. “एक तर तुझ्या बापाने घालवली, नाहीतर माझ्या बापाने दगडावर खोटं लिहिलं. तुझा बाप की माझा, एवढंच राहतं मग.”

ताई हातातल्या पुस्तकाकडेच बघत होती. पान सत्तेचाळीसवर शिक्क्याखाली पेन्सिलीने बारीक तारीख होती. आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने पुस्तकामागून पुस्तक उघडलं. प्रत्येकात वेगळी तारीख. बेचाळीस वर्षांपूर्वीची. तीस वर्षांपूर्वीची. एक तारीख तिला ओळखीची वाटली. तिच्या वसतिगृहातल्या पहिल्या महिन्यातली. त्या रविवारी बाबा बसने चार तास प्रवास करून तिला भेटायला आले होते. बगलेत दोरीने बांधलेलं पुडकं होतं. काय आहे विचारलं तर म्हणाले, रद्दी गं.

तिने पुढचं उघडलं. पुढच्या महिन्यातला रविवार.

*

कपाटाचं दार उघडलं तेव्हा वकीलकाकांना चिखलाचा वास येईल असं वाटलं होतं.

शेहेचाळीस वर्षं त्यांनी त्या वासाची तयारी ठेवली होती. आणि आत पुस्तकं होती. ओळीने, कोरडी, तपकिरी वेष्टनं घातलेली. क्षणभर त्यांना वाटलं, आपलीच आठवण खोटी. आपणच एकोणीस वर्षांचे असताना काहीतरी भलतं पाहिलं, आणि तेच इतकी वर्षं छातीवर घेऊन बसलो.

मग पोरीने शिक्क्याचं सांगितलं, आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. अर्ज खरा आहे. भावाच्या विरुद्ध उभं राहिलेलं ते वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं. वकिली सवय. अंगावर येतंय असं दिसलं, की दुसऱ्या कुणाच्या तरी दिशेने बोट करायचं. आणि हा दुसरा उलट बोलायला येणार नव्हता.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या.

त्या कधी उठून कपाटाशी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

“यांनी एकही पुस्तक विकलं नाही. विकायला होतंच काय? पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी हे कपाट उघडलं. पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की फळ्या काढाव्या लागल्या. लगदा झाला होता नुसता. एकट्याने टोपल्यांतून नेऊन शेतात पुरला. हजेरीला मास्तरांपुढे रिकाम्या फळीवर हात ठेवून ‘हजर’ म्हणाले. मग वही घेऊन बसले आणि यादी केली. दोनशे अकरा नावं. तेव्हापासून बाजार, रद्दीवाले, बंद पडलेली वाचनालयं. जिथे जातील तिथे. तीच पुस्तकं, जमली तर तीच आवृत्ती. मी वेष्टनं घालायची. गेल्या महिन्यात शेवटचं मिळालं.” त्या थांबल्या. “ते आणलं त्या दिवशी जेवलेसुद्धा दोन घास जास्त.”

“मग लपवलं का?” दादा म्हणाला. “पुरात कपाटभर पुस्तकं गेली, यात लाजायचं काय होतं? मास्तरांना सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर मास्तरांनी पहिलं काय विचारलं असतं?”

 उत्तर दिलं ते आत्याने, आणि नेहमीपेक्षा फारच हळू.

“वर मोजायला कोण होतं, हे.”

तिने फडकं मांडीवर ठेवलं.

“तू होतास, धाकट्या. शाळेच्या व्हरांड्यात यादी घेऊन. मी माहेरी आले होते, रांगेत पायरीवर उभी होते. मास्तर खालून ओरडले, किती राहिली? आणि तू वरून हात हलवलास. ‘आली सगळी!’”

काकांचं लक्ष फळीवरच्या ठोकळ्याकडे गेलं होतं. त्यांनी तो उचलला. मागच्या बाजूला कागदाचा खिसा चिकटवलेला होता आणि खिशात पुस्तकाचं कार्ड होतं, पिवळं पडलेलं. नेणाऱ्यांची नावं, तारखा. शेवटची ओळ भावाच्या अक्षरात होती, पुराच्या चार दिवस आधीची. नेणाऱ्याच्या रकान्यात नुसतं लिहिलं होतं : धाकटा.

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळंच.

त्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला, छत्री न घेता दाराकडे गेले आणि निघून गेले.

“चालले,” दादा म्हणाला. “अडचणीचं आलं की चालले.”

“तू गप,” आई म्हणाली. तिने मुलाला असं म्हटलेलं ताईने कधी ऐकलं नव्हतं.

*

नगरपालिकेच्या बाई चारला पाच मिनिटं असताना आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, हातात अर्जाची प्रत. दारात थांबून त्यांनी वरचा दगड वाचला आणि मगच आत आल्या.

“कुठपर्यंत आलंय?”

“अकराशे एकोणचाळीस,” ताई म्हणाली. “पुढचं सुरू करण्याआधी सांगायचंय. सातमधली पुस्तकं मूळची नाहीत.”

 आत्याने डोळे मिटले.

ताईने सांगितलं. मूळची पुरात बुडाली. वडिलांनी ती पुन्हा मिळवून त्याच क्रमांकांवर ठेवली. शिक्का चुकीच्या पानावर आहे तो यामुळे. वर मोजणी कोण करत होतं, हे तिने सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी वडिलांचं एवढं एक राखता आलं तर राखावं, असं तिला वाटलं.

“पुरावा?” बाईंनी विचारलं. आवाजात दुष्टावा नव्हता. लहानपणी ताप मोजायला येणाऱ्या डॉक्टरसारखा होता.

“शिक्क्याखाली तारखा आहेत. काही तारखांना मी तिथे होते.”

बाईंनी पाच-सहा पुस्तकं चाळली. “एवढा जुना माणूस शिक्का चुकीच्या पानावर मारेल?”

“हाताची सवय असेल,” दादा म्हणाला.

“दोनशे अकरा वेळा?”

तोच प्रश्न तासभर ताईच्या मनात होता. एकतीस काय आहे ते बाबांना ठाऊक होतं. एकतीसवर मारला असता तर कुणालाही कधी कळलं नसतं. मास्तरांसमोर त्यांनी आवाजाने खोटं सांगितलं होतं. शिक्क्याने सांगणं त्यांना जमलं नसावं.

“आई,” तिने हळूच विचारलं. “रविवारी ते मला भेटायला यायचे, की बाजाराला?”

आईने विचार केला. “दोन्हीला. पण बाजार इथून जवळही एक होता.”

बाईंनी वही स्वतःकडे ओढून सातचे रकाने वर्षावर्षाने पाहिले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे एक विचित्र आहे. सगळ्यांपुढे खूण, आणि बाराशे अठ्ठ्याऐंशीपुढे दरवर्षी ‘बाहेर’. एखादं पुस्तक शेहेचाळीस वर्षं बाहेर असतं?”

“हजेरी घेऊ या,” ताई म्हणाली. “तुमच्यासमोर.”

दादा कपाटाशी गेला. ती पुकारू लागली आणि तो प्रत्येक पुस्तकावर तळहात ठेवून उत्तर देऊ लागला. अकराशे चाळीस, हजर. एक्केचाळीस, हजर. बाराशेच्या पुढे त्याचा आवाज बसला तरी त्याने एकही हात चुकवला नाही. आत्या ओठातल्या ओठात त्याच्याबरोबर म्हणत होती.

“बाराशे सत्त्याऐंशी.”

“हजर.”

“बाराशे अठ्ठ्याऐंशी.”

दादाने ठोकळ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग ताईकडे.

“बाहेर,” तो म्हणाला.

“थांबा,” दारातून आवाज आला.

वकीलकाका घरून चालत आले होते आणि त्यांना धाप लागली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते बाईंसमोर आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“बाई, लिहून घ्या. पुराच्या दिवशी शाळेत पुस्तकं मोजायला मी होतो. एकोणीस वर्षांचा होतो, पण मोजणीत चुकलो नव्हतो. सातमधलं एकही पुस्तक वर आलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी आली सगळी म्हणून ओरडलो. दगडावरचं वाक्य माझ्या शब्दावर कोरलंय. मास्तरांच्या नव्हे, आणि माझ्या भावाच्या नव्हे.”

“का, काका?” दादाने विचारलं. त्यात आता राग उरला नव्हता.

“आत सगळ्यात शेवटी तो उभा होता. पाणी छातीला लागलेलं. वरून दिसत होता मला, दाराच्या चौकटीत. एक कपाट राहिलंय म्हटलं असतं...”

“तर मागे वळला असता,” आत्या म्हणाली.

“कुणी पाठवावं लागलं नसतं त्याला.” काकांनी वर्तमानपत्र सोडायला सुरुवात केली. बोटांना गाठ सुटेना. आईने पुढे होऊन सोडली. “पंधरा दिवसांनी आलो तर कपाटाला कुलूप, काचांना कागद. किल्ली त्याच्याकडे. मला वाटलं, त्याने पाहिलंच नाही अजून. मग वाटलं, पाहिलं असेल तर विचारेल. तो विचारेना. मी सांगेना. आणि हे परत करायचं तर कपाट उघडायला सांगावं लागलं असतं.”

कागदातून लहानसं पुस्तक निघालं. घड्याळं दुरुस्त करण्याविषयीचं. आत चाकं आणि कमानी यांची चित्रं होती.

“घड्याळजी व्हायचं होतं याला,” आत्या बाईंना म्हणाली. “झाला वकील. तरी घरातलं एक घड्याळ धड चालत नाही.”

बाईंनी पुस्तक घेतलं. पान एकतीस उघडलं. फिक्का झालेला जांभळा शिक्का तिथे होता. सत्तेचाळीस कोरं होतं.

“किती दिवसांसाठी नेलं होतंत?” त्यांनी विचारलं.

“पंधरा.”

त्यांनी मान हलवली. पिशवीतला अर्ज काढून त्यावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, घडी घालून परत ठेवला. “शेरा पूर्ण लिहा,” त्या ताईला म्हणाल्या. “जसं घडलं तसं. ज्यांची नावं यायला हवीत त्यांची येऊ द्या. मी त्याखाली सही करीन.”

“नाव घाल,” काका म्हणाले. टेबलावरच्या कच्च्या पानांतलं पहिलं पान ओढून त्यांनी त्यातल्या पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. “मलाही हे सगळं परत लिहावं लागेल. दगड मात्र राहू दे. कुणी विचारलं तर सांगू.”

आईने टेबलावरचा ठोकळा उचलला. त्यातलं कार्ड काढून पुस्तकाच्या खिशात सरकवलं. ठोकळा हातात फिरवला. एक कोपरा अंगठ्याने घासून पाहिला.

“हा मी नेते,” ती म्हणाली. 

काका पुस्तक घेऊन कपाटाशी गेले. दादा बाजूला झाला. दोन पुस्तकांमधली जागा बरोबर तेवढीच ठेवलेली होती. पुस्तक आत गेलं.

“हं,” काका म्हणाले. “पुकार.”

ताईने पेन्सिल धरली.

“बाराशे अठ्ठ्याऐंशी.”

काकांनी पुस्तकावर तळहात ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ती थांबली. मास्तरांच्या रीतीप्रमाणे उत्तर येईपर्यंत पुढचा क्रमांक घ्यायचा नसतो.

“हजर,” ते म्हणाले.